२१४७४८३६४८ : डेटा निर्दोष, तरी एस०सी७

आयबीएम मेनफ्रेमवर रात्रीच्या बॅचमधला एक कोबोल प्रोग्रॅम. मेमरीत खात्यांची साखळी तयार असते (प्रत्येक कडीत पुढच्या कडीचा पत्ता, म्हणजे पॉइंटर), प्रोग्रॅम एकेक कडी घेतो, रक्कम बेरजेत मिळवतो आणि शेवटी अहवाल छापतो. आधी साखळीही हाच प्रोग्रॅम बांधायचा. पुढे ते काम एका जुन्या असेंब्लर मॉड्यूलकडे दिलं गेलं. हे मॉड्यूल आणखी दोन प्रोग्रॅम वर्षानुवर्षं वापरत होते, त्यामुळे त्याच्यावर कुणाचा संशय जाण्याचं कारण नव्हतं. बदल लाइव्ह झाल्यावर पहिल्याच रात्री जॉब एस०सी७, म्हणजे अंकी क्षेत्रात अवैध डेटा मिळाल्याचा कोड, देऊन पडला. लँग्वेज एन्व्हायर्नमेंट या रनटाइम यंत्रणेचा संदेश सीईई३२०७एस, म्हणजे डेटा एक्सेप्शन. ट्रेसबॅकमधलं वाक्य: रक्कम बेरजेत घालणारं ॲड.

एस०सी७ दिसला की सगळे आधी इनपुट फाइल उघडतात. दहापैकी नऊ वेळा ते बरोबरही असतं: पॅक्ड (एका बाइटात दोन अंक ठेवणाऱ्या) क्षेत्रात स्पेस गेलेल्या असतात किंवा फाइलचा लेआउट सरकलेला असतो. इथे फाइलमधली प्रत्येक रक्कम वैध निघाली. सॉर्ट करून, पॅक्ड चाचणी लावून पाहिलं तरी एकही वाईट रेकॉर्ड सापडेना. दोष डेटात नव्हता, डेटा जिथून वाचला जात होता त्या पत्त्यात होता. पॉइंटरची चूक एस०सी४ (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याचा कोड) होऊनच समोर येते हा समज इतका पक्का असतो की एस०सी७ च्या वेळी पॉइंटर छापून बघायचं सुचतच नाही.

कडीची रचना अशी होती:

०१ कडी.
  ०५ खाते-क्रमांक पिक एक्स(१०).
  ०५ रक्कम पिक एस९(९)व्ही९९ कॉम्प-३.
  ०५ पुढचा यूसेज पॉइंटर.
  ०५ नाव पिक एक्स(४०).
  ०५ टपाल-पत्ता पिक एक्स(६०).
  ०५ फिलर पिक एक्स(८).

एकूण १२८ बाइट्स. खाते क्रमांकाचे १० आणि ११ अंकी पॅक्ड रकमेचे ६ मिळून १६ होतात, म्हणून 'पुढचा' हा पॉइंटर ऑफसेट १६ वर, म्हणजे हेक्स (सोळामान) १० वर येतो. हा ऑफसेट लक्षात ठेवा; पुढे त्यानेच गंमत केली आहे. लिंकेज सेक्शनमध्ये (बाहेरून मिळालेल्या मेमरीचं वर्णन करणाऱ्या भागात) ही रचना आणि चालवणारा लूप असा:

परफॉर्म अनटिल चालू = नल
  सेट ॲड्रेस ऑफ कडी टू चालू
  ॲड रक्कम टू एकूण
  सेट चालू टू पुढचा
एंड-परफॉर्म

तपासाची पहिली पायरी म्हणून लूपच्या सुरुवातीला 'डिस्प्ले चालू' घातलं गेलं. सिसआउटमधल्या, म्हणजे प्रोग्रॅमने छापलेल्या, शेवटच्या ओळी:

०५५४७१३६००
०५५४७१३७२८
०५५४७१३८५६
०५५४७१३९८४
२१४७४८३६४८

एंटरप्राइझ कोबोल चार बाइटी पॉइंटर डिस्प्ले करताना त्याचं दशमान रूप करतो आणि पिक ९(१०) असल्यासारखे दहा अंक छापतो. डंप (जॉब पडताना घेतलेली मेमरीची नक्कल) मात्र सगळा हेक्समध्ये. त्यामुळे सिसआउटमधला आकडा डंपमध्ये शोधायला गेलं तर तो तिथे मिळत नाही, आणि 'डिस्प्ले काहीतरी भलतंच दाखवतोय' म्हणून लोक ती ओळ काढून टाकतात. इथेही तेच होऊ घातलं होतं. वरचा पहिला आकडा हेक्समध्ये २११०४२००, दुसरा २११०४२८०, तिसरा २११०४३००, चौथा २११०४३८०. दर खेपेला हेक्स ८०, म्हणजे १२८ बाइट्सची उडी. चारही कड्या शेजारीशेजारी आहेत आणि कडीच्या लांबीशी हिशोब जुळतो. दशमानातही १२८ चा फरक काढता येतो, पण तो मुद्दाम वजाबाकी केली तरच. हेक्समध्ये नजर टाकली की कळतो.

पाचवा आकडा २१४७४८३६४८. ३१ बिटी पत्त्यांमध्ये सर्वांत मोठा पत्ता २१४७४८३६४७ असतो. म्हणजे हा आकडा पत्ता असूच शकत नाही. हेक्समध्ये तो ८००००००० आहे, सर्वांत वरचा एकच बिट चालू आणि बाकी सगळे शून्य.

असेंब्लरच्या जगात या बिटला जुना अर्थ आहे. १९६४ च्या सिस्टीम/३६० मध्ये पत्ता २४ बिटांचा होता, शब्द मात्र ३२ बिटांचा. वरचा बाइट मोकळा असल्यामुळे त्यात खुणा ठेवायची पद्धत पडली. एमव्हीएस/एक्सए पासून पत्ता ३१ बिटांचा झाला आणि खुणेसाठी एकच बिट उरला. कॉल मॅक्रोला व्हीएल दिलं की पॅरामीटर यादीतल्या शेवटच्या पत्त्यावर हाच बिट लागतो. इथल्या मॉड्यूलने ती रीत साखळीला लावली होती: शेवटच्या कडीच्या 'पुढचा' मध्ये पत्ता शून्य आणि वरचा बिट चालू. मॉड्यूल वापरणाऱ्या जुन्या असेंब्लर प्रोग्रॅमना यात अडचण नव्हती. ते एलटीआर (मूल्य धन, ऋण की शून्य ते तपासणारी सूचना) करून ऋण आलं की थांबत.

कोबोलचा नल म्हणजे चारही बाइट शून्य. तुलना सगळ्या ३२ बिटांची होते, म्हणून ८००००००० हा त्याच्या लेखी नल नव्हे. लूप थांबला नाही. पुढचं वाक्य सेट ॲड्रेस. एमोड ३१, म्हणजे ३१ बिटी पत्त्यांच्या पद्धतीमध्ये, हार्डवेअर पत्ता काढताना वरचा बिट सोडून देतं, तेव्हा 'कडी' आली थेट पत्ता शून्यावर.

इथे एस०सी४ यायला हवा होता, असं कुणालाही वाटेल. तो येत नाही. झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर पत्ता शून्याला तिचा स्वतःचा पीएसए म्हणजे प्रीफिक्स्ड सेव्ह एरिया बसलेला असतो आणि त्याचे पहिले २,०४८ बाइट्स साध्या प्रोग्रॅमलाही वाचता येतात. लिहायला गेलात तर लगेच एस०सी४, रीझन कोड ४. शिवाय ० ते ५११ या पट्ट्यावर लो-ॲड्रेस प्रोटेक्शन वेगळं आहेच. पण नुसतं वाचणं बिनबोभाट होतं. सी भाषेत इतर मशीनवर नल पॉइंटर वाचला की प्रोग्रॅम मरतो, त्या सवयीने इथे विचार करणारा हमखास फसतो. या प्रोग्रॅमने पीएसएच्या ऑफसेट १० ते १५ मधले सहा बाइट्स रक्कम समजून उचलले. शेवटच्या अर्ध्या बाइटात पॅक्डचं वैध चिन्ह, म्हणजे ए ते एफ यांपैकी काही, नव्हतं. ॲड तिथे अडला आणि एस०सी७ आला.

घाईतली दुरुस्ती

मूळ कारण कळायच्या आत एक तात्पुरता इलाज झाला होता: 'रक्कम न्यूमेरिक नसेल तर ती कडी सोडून पुढे जा.' रात्रपाळीत जॉब अडकलेला असताना असा इलाज सुचणं समजण्यासारखं आहे, पण साखळीच्या बाबतीत तो सर्वांत घातक. सोडून पुढे जायचं म्हणजे 'पुढचा' वाचायचा, आणि आता 'कडी' पत्ता शून्यावर आहे. 'पुढचा' चा ऑफसेट हेक्स १०. पीएसएमध्ये हेक्स १० वर सीव्हीटीचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुख्य कंट्रोल ब्लॉकचा पत्ता ठेवलेला असतो. सिसआउटमध्ये पुढची ओळ आली ००१६५९९०४०. हेक्समध्ये ००एफडी४८००, १६ एमबी रेषेच्या किंचित खाली. सीव्हीटी नेमका कुठे बसतो ते प्रत्येक सिस्टीमवर वेगळं असतं, पण १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ च्या जरा अलीकडचा आकडा साखळीच्या मध्येच दिसला आणि आधीचे सगळे पत्ते पन्नास कोटींच्या वर असले, तर साखळी सिस्टीमच्या घरात शिरली असं खुशाल समजावं.

सीव्हीटीही वाचता येतो. त्याच्याही ऑफसेट १६ वर काहीतरी असतं, ते पुढची कडी मानलं जातं. तिथून पुढे नेम नाही. कधी प्रोग्रॅमला न दिलेल्या मेमरीच्या पानावर जाऊन एस०सी४, रीझन १० किंवा ११. कधी दोन ब्लॉक एकमेकांकडे बोट दाखवतात, लूप फिरत राहतो आणि सीपीयूची वेळ संपून एस३२२. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे वाटेत कुठेतरी चार बाइट शून्य सापडून लूप शांतपणे संपतो, जॉब रिटर्न कोड शून्य देतो, आणि मधल्या एखाद्या ब्लॉकमधले सहा बाइट्स योगायोगाने न्यूमेरिक निघालेले असतात. ती 'रक्कम' बेरजेत गेलेली असते.

पॉइंटर नीट कसा दाखवायचा

जुन्या कंपायलरवरही चालेल असा मार्ग म्हणजे पॉइंटरवर रीडिफाइन्स (तेच बाइट्स वेगळ्या प्रकाराचे म्हणून वाचणं):

०१ दाखव-पॉइंटर यूसेज पॉइंटर.
०१ दाखव-अंक रीडिफाइन्स दाखव-पॉइंटर पिक ९(९) कॉम्प-५.
०१ दाखव-चिन्ह रीडिफाइन्स दाखव-पॉइंटर पिक एस९(९) कॉम्प-५.
०१ दाखव-बाइट रीडिफाइन्स दाखव-पॉइंटर पिक एक्स(४).

कॉम्प-५ चा आग्रह उगाच नाही. साधा कॉम्प आणि ट्रंक(एसटीडी) हा कंपायलर पर्याय असेल तर मूल्य नऊ अंकी क्षेत्रात हलवताना वरचा अंक कापला जाऊ शकतो. २१४७४८३६४८ चे १४७४८३६४८ होतात, हेक्समध्ये ०८सीए६सी००, आणि हा अगदी सभ्य पत्ता दिसतो. जी खूण शोधायची तीच पुसली जाते, वर नसलेला पत्ता शोधण्यात अर्धा दिवस जातो.

दाखव-अंक दुसऱ्या कॉम्प-५ क्षेत्रात घ्या, आठ वेळा १६ ने भागा, बाकीत एक मिळवून शून्य ते एफ या सोळा अक्षरांच्या तक्त्यातून अक्षर उचला आणि आठव्या जागेपासून पहिलीकडे भरत या. एंटरप्राइझ कोबोल ६ च्या नव्या आवृत्त्यांमध्ये हेक्स-ऑफ हे फंक्शन आहे. त्याला दाखव-बाइट दिलं की एका ओळीत काम होतं. असेंब्लरमध्ये जुनी जोडी वापरायची: यूएनपीके ने ५ बाइट्सचे ९ करा, मग पहिल्या ८ बाइट्सवर टीआर, तक्त्याचा पत्ता २४० ने मागे सरकवून. नववा बाइट कचरा असतो, तो छापू नये. पीएल/वनला हेक्स हे बिल्ट-इन फंक्शन आहे. झेड/ओएस डीबगर लावता येत असेल तर लिस्ट कमांडमध्ये %हेक्स पुरतं, पण रात्रीच्या प्रॉडक्शन जॉबला डीबगर लावायची परवानगी सहसा कुणी देत नाही.

नुसता पॉइंटर छापून भागत नाही. तो जिथे बोट दाखवतो तिथले पहिले काही बाइट्सही सोबत हवेत. इथल्या पहिल्या कडीचे पहिले २० बाइट्स असे दिसायला हवेत:

एफ०एफ०एफ१एफ२एफ३एफ४एफ५एफ६एफ७एफ८ ०००००१२५०७५सी २११०४२८०

खाते ००१२३४५६७८, रक्कम १२५०.७५ धन, पुढची कडी २११०४२८० वर. या एका ओळीत लेआउटची तपासणीही होते. सी हे चिन्ह रकमेच्या शेवटच्या अर्ध्या बाइटात नसेल, किंवा एफ असलेले अंक दहाच्या जागी नऊच भरले असतील, तर कॉपीबुक (कोबोलमधली रचना) आणि असेंब्लरचा डीसेक्ट (तिथली तीच रचना) यांचं जमत नाही हे तिथेच कळतं. या प्रकरणात ते जमत होतं, पण नशिबाने. कोबोलमध्ये सिंक्रोनाइझ्ड लिहिलं नाही तर पॉइंटर मागच्या क्षेत्राला चिकटून बसतो. असेंब्लरमध्ये ए प्रकारचा कॉन्स्टंट आपोआप चारच्या पटीवर जातो. १६ हा चारचा पट असल्याने दोघांचं एकमत झालं. उद्या खाते क्रमांक ११ अंकी केला की कोबोलचा 'पुढचा' १७ वर आणि असेंब्लरचा २० वर. कंपायलरच्या मॅप लिस्टिंगमधले ऑफसेट आणि असेंब्लर लिस्टिंगमधला लोकेशन काउंटर शेजारी ठेवून जुळवून बघणं, एवढंच त्यावरचं काम.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी पॉइंटर छापा, मग तो तपासा, मगच त्याच्या टोकाचे बाइट्स वाचा. उलटं केलं तर तपासणीची ओळच एस०सी४ देते आणि डंपमध्ये दोषी म्हणून तपासणीचा कोड दिसतो. तपासायचं ते इतकंच: दाखव-चिन्ह ऋण आहे का, आणि दाखव-अंक ४,०९६ पेक्षा कमी आहे का. दोन्हींपैकी काहीही खरं असेल तर पुढे वाचू नका.

काही दशमान आकडे पाठच असलेले बरे. २१४७४८३६४८ आता ओळखीचा झालाच. १०७७९५२५७६ दिसला तर तो हेक्स ४०४०४०४०, म्हणजे कुणीतरी पूर्ण ग्रुपमध्ये स्पेस हलवल्या आणि पॉइंटरही त्यात भरडला गेला. ४०४२३२२१६० म्हणजे एफ०एफ०एफ०एफ०, अंकी शून्यं. लो-व्हॅल्यूज हलवल्या तर पॉइंटर खरा नल होतो, म्हणून ती चूक पुष्कळदा खपून जाते.

लाखो कड्यांच्या साखळीत प्रत्येक कडी डिस्प्ले केली तर स्पूल भरतं आणि ऑपरेटर जॉब मारतो. त्याऐवजी वर्किंग स्टोरेजमध्ये १६ पॉइंटरचा तक्ता ठेवावा, कडीच्या क्रमांकाला १६ ने भागून आलेल्या बाकीत एक मिळवून त्या जागी चालू पॉइंटर भरत जावा. तक्त्याच्या आधी आठ अक्षरांची ठळक खूण ठेवली की डंपमध्ये ती शोधून शेवटचे १६ पत्ते एका नजरेत मिळतात, तेही हेक्समध्ये, फुकट. सिसआउटमध्ये नाव आणि पूर्ण खाते क्रमांक छापू नयेत, हे वेगळं सांगायला नको. तपासाला शेवटचे चार अंक पुरतात.

आयपीसीएस या डंप वाचायच्या साधनात डंप उघडला तर रनचेन कमांड साखळी स्वतः चालून दाखवते: सुरुवातीचा पत्ता, दुव्याचा ऑफसेट, जास्तीत जास्त किती कड्या आणि नल म्हणून कोणतं मूल्य धरायचं, एवढं सांगायचं. तिथे एक खाच आहे. पत्त्यापुढे % लावलं की २४ बिटी, ? लावलं की ३१ बिटी, ! लावलं की ६४ बिटी दुवा धरला जातो. म्हणजे ? ने गेल्यावर वरचा बिट गळून तुम्ही सरळ शून्यावर पोचता आणि 'पॉइंटर नल होता' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. दुव्याचे चार कच्चे बाइट्स लिस्ट कमांडने वेगळे बघावेत.

नेहमीची हत्यारं इथे का चालली नाहीत, तेही पाहू. एसएसरेंज हा कंपायलर पर्याय सबस्क्रिप्ट आणि रेफरन्स मॉडिफिकेशन तपासतो. लिंकेज सेक्शनचा पत्ता खरा आहे का, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हीपचेक लँग्वेज एन्व्हायर्नमेंटची हीप तपासतं, पण असेंब्लरने स्टोरेज ऑब्टेनने घेतलेली मेमरी तिच्याबाहेर असते. फॉल्ट ॲनालायझरसारखं साधन ॲड वाक्य आणि रकमेचे अवैध बाइट्स बरोबर दाखवतं, फक्त वाचणारा बाइट्सकडे बघतो आणि त्यांचा पत्ता ०००००००० आहे याकडे बघत नाही. ही खूण पहिल्या रात्रीच्या अहवालातही होती.

दुरुस्ती

असेंब्लर मॉड्यूल बदलून शेवटी साधं शून्य ठेवणं एका सूचनेचं काम होतं, पण ते केलं नाही, कारण एलटीआर करून ऋण चिन्ह शोधणारे दोन जुने प्रोग्रॅम त्यानंतर थांबलेच नसते. दुरुस्ती कोबोलमध्ये झाली. 'चालू' वर पिक एस९(९) कॉम्प-५ चं रीडिफाइन्स घालून लूपची अट झाली: चालू नल असेल किंवा चालू-चिन्ह शून्यापेक्षा कमी असेल तर थांब. हीच अट चालते कारण इथे खुणेसोबतचा पत्ता शून्य आहे. खूण शेवटच्या खऱ्या कडीच्या पत्त्यावर लावायची रीत असती, जशी व्हीएल यादीत असते, तर आधी २१४७४८३६४८ वजा करून ती कडी वापरायची आणि मग थांबायचं. वरची अट तिथे शेवटचं खातं गुपचूप गाळते. कोणती रीत आहे ते मॉड्यूलच्या कोडमध्ये बघूनच ठरवावं. न्यूमेरिकची पळवाट काढून टाकली, आणि ती चालू असताना तयार झालेले अहवाल पुन्हा काढले.

हेच मॉड्यूल आता पीएल/वनच्या एका प्रोग्रॅमलाही द्यायचं ठरलं आहे. तिथे नल तपासण्याआधी कंपायलरचा डिफॉल्ट पर्याय पाहावा लागेल. नलसिस असेल तर नल म्हणजे शून्य. नल३७० असेल तर जुन्या ओएस पीएल/वनप्रमाणे हेक्स एफएफ००००००, दशमानात ४२७८१९००८०. साखळीच्या शेवटी असलेला ८००००००० यांपैकी कशाशीच जुळत नाही, आणि तोही लूप पीएसएतूनच जाईल.